खारकेची सोयरीक

वडनेर,
१२ ऑगस्ट २०२४

चि. मंजू,

रागावलेली असलीस तरी मोठ्या बहिणीचा आशीर्वाद नाकारता येत नाही, म्हणून आधी तो घे. तू माझा नंबर ब्लॉक केलास, पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून कुठल्याच फोनमध्ये आलेली नाही. म्हणून हे रजिस्टर पत्र, पोचपावतीसकट. वडनेर ते सेवाग्राम तासाभराचा रस्ता. मला तिथवर यायला सहा वर्षं लागली आणि आले तीही पाकिटातून.

भांडण उकरायला लिहीत नाही. एक सल्ला हवा आहे, आणि तो कुत्रीबद्दल आहे. हसू नकोस.

आमच्याकडे खारीक आहे. लॅब्राडोर जातीची, रंगाने अगदी खारकेसारखी. अडीच वर्षांपूर्वी आकांक्षा शिकवते त्या हिंगणघाटच्या शाळेतून परत येताना ओढणीत गुंडाळून घेऊन आली. तुझे भाऊजी म्हणाले, घरात ही राहील नाही तर मी. आता ते तिला विचारल्याशिवाय वावरात जात नाहीत. माझ्या अंगणवाडीतली पोरं तिचे कान ओढतात, शेपटीला लटकतात, ती नुसती जांभई देते. पुऱ्या मात्र चोरते. मागच्या पंधरा ऑगस्टला अख्खी परात साफ केली.

जाम गावच्या चौकात भूपेंद्रचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्याचा लॅब्राडोर आहे, बादशाह. परवा भूपेंद्र स्वतः आला आणि म्हणाला, "वहिनी, दोघायची जोडी लावून टाकू. पिल्लं अशी होतीन का लोकं पाहातच राहातीन."

खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. गावातल्या निम्म्या पोरांचे जन्म मी वहीत मांडले, पण या घरात बाळंतपण झालं ते एकोणतीस वर्षांपूर्वी, आकांक्षाचं. आता ती लग्नाचं नाव काढू देत नाही. मग कुत्रीचं तर कुत्रीचं, एकदा तरी या घरात डिंकाचा वास सुटावा असं वाटतं.

भाऊजी म्हणतात, माजावर आली की झालं, त्यात पाहायचं काय. आमची जनावरांची डॉक्टर आहे हिंगणघाटची, आचल. वयाने आकांक्षापेक्षाही लहान. ती म्हणते, प्रत्येक कुत्रीला पिल्लं व्हायलाच पाहिजेत असं काही नसतं. दोन वर्षं पूर्ण पाहिजेत, खुब्याचा एक्स-रे पाहिजे, स्वभाव पाहिजे, आईबापाचे आजार माहीत पाहिजेत. मला यातलं काय खरं मानावं कळत नाही. तू दिवसभर लॅबमध्ये रक्त तपासतेस, म्हणून तुला विचारते. बाकी त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. तूही लिहू नकोस.

तुझी ताई


वडनेर,
९ सप्टेंबर २०२४

चि. मंजू,

पोचपावती परत आली. तुझी सही आहे, एवढ्यावर मी दोन दिवस खुशीत होते. 'म'ची शेपटी अजून तशीच लांब काढतेस.

काल भूपेंद्र बादशाहला घेऊन पाहायला आला. मी काय केलं असेल ओळख. पोहे केले. ओटा धुतला. खारकेला शिकेकाईने आंघोळ घालून गळ्यात लाल रिबन बांधली. ट्रॅक्टरचा आवाज आला की ती पलंगाखाली शिरते, हे कोणाला सांगायचं नाही असं घरात बजावून ठेवलं. आपल्याकडे पाहायला माणसं आली की हात आपोआप चालायला लागतात, तसे चालले. भूपेंद्रही म्हणाला, "जरा चालवून दाखवा." मी चालवून दाखवली!

बादशाह दिसायला खरंच बादशाह. पण दिवस कलला आणि तो ओट्यावरून उतरताना सरळ सिमेंटच्या खांबावर आदळला. भूपेंद्र हसला, "मस्ती करून राह्यला." थोड्या वेळाने पाण्याचं भांडं पुढे ठेवलं, तर ते त्याने डोळ्यांनी नाही, नाकाने शोधलं. भूपेंद्रने हळूच पायाने भांडं त्याच्याकडे सरकवलं. दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नसतं. मी लपवण्यात पटाईत आहे, माझ्या आलं.

मी म्हटलं, "भाऊ, याच्या डोयाची तपासणी करा."

"वहिनी, पेपरवाला कुत्रा हाय आपला, अख्खी वंशावळ लिहेल हाय! रिपोर्ट कायले पाहिजे?"

"काऊन लोकायले दुखावतं वं?" भाऊजी माझ्या कानाशी.

आणि मी उभी राहून, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं बोलले, "रिपोर्ट पाह्यल्याशिवाय सोयरीक पक्की नाई. दोन्हीकडचे रिपोर्ट!"

भूपेंद्र पोहे तसेच टाकून उठला. मोटारीचं दार आपटलं. मी मोठ्या तोऱ्यात वळले तर दारात आकांक्षा, हातात चहाचा ट्रे. ती म्हणाली, "आई, हे तर मावशीचं बोलणं हाय. जसंच्या तसं."

मी पोह्यांच्या बशा उचलायला लागले.

"कुत्रीसाठी रिपोर्ट पाहिजे, अन् माह्यासाठी काऊन नाई?"

ट्रे तिथेच ठेवून ती आत गेली. मंजू, ते वाक्य मी कुठून आणलं हे तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाच माहीत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी याच ओट्यावर, आकांक्षाला पाहायला आलेल्या माणसांसमोर तू म्हणाली होतीस, रक्तातल्या सिकलसेलच्या आजाराचे रिपोर्ट पाहिल्याशिवाय सोयरीक पक्की करू नका, दोन्हीकडचे. ती माणसं अशीच पोहे टाकून उठली होती. आणि मी चार बायांसमोर तुला म्हटलं होतं, तुझं स्वतःचं जमलं नाही म्हणून माझ्या पोरीचं मोडलंस, पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस.

लिहिणार नाही म्हटलं होतं, पण लिहिलं.

ताई


वडनेर,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. मंजू,

पोचपावतीच्या कोपऱ्यात दोनच शब्द! 'डीएनए. दोघांचीही.' ना नाव, ना नमस्कार. लॅबचा रिपोर्ट लिहितेस की काय! पण मी ती पावती देव्हाऱ्यात ठेवली आहे. भाऊजींना सांगितलं, हा मंजूचा निरोप आहे, हात लावायचा नाही.

तू आणि आचल म्हणालात तसं सगळं केलं. नागपूरला जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात एक्स-रे झाला, खारकेचे खुबे उत्तम. वय बरोबर, वजन बरोबर, स्वभाव तर काय विचारायलाच नको, त्या डॉक्टरच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. रक्त बाहेरच्या लॅबमध्ये गेलं. भूपेंद्र पंधरा दिवस फुगून बसला, पण त्यानेही शेवटी बादशाहचं पाठवलंच. बादशाहचे डोळे हळूहळू जाणार आहेत. भूपेंद्र माझ्या ओट्यावर बसून पोरासारखा रडला. म्हणाला, "वहिनी, मले दिसून राह्यलं होतं. मी मानतच नव्हतो." दुकानातले सगळे डबे-ड्रम त्याने बादशाहच्या वाटेतून उचलून ठेवले आहेत. बादशाहची पिल्लं जिथे जिथे दिली होती तिथे तो स्वतः जाऊन सांगून आला. माणूस मनाने मोठा निघाला.

मग खारकेचा रिपोर्ट आला. आचलने समजावलं, "काकू, हिच्या अंगात तोच दोष झोपलेला आहे. हिला कधीच काही होणार नाही. पण नरही असाच निघाला तर पिल्लं आंधळी होऊ शकतात. नर साफ असेल तर एकही पिल्लू आंधळं होणार नाही. हिला पिल्लं होऊ शकतात, फक्त जोडीदार तपासून घ्या."

मी दोनदा विचारलं, "म्हणजे खारीक खराब नाई?"

"नाही हो. फक्त माहीत असलं पाहिजे."

घरी आले. रिपोर्टची घडी केली आणि पाय आपोआप तांदळाच्या कोठीकडे वळले. झाकण उघडलं. तांदळाच्या तळाशी हात घातला तर आधीचं एक पाकीट हाताला लागलं. ते पाकीट मीच ठेवलं होतं.

आता ऐक. त्या दिवशी मी तुला म्हटलं होतं, माझ्या पोरीला काही नाही, तू उगीच बोट दाखवतेस. मंजू, मला माहीत होतं. पाहुणे यायच्या दीड महिना आधी आकांक्षाने कॉलेजातल्या तपासणीचं कार्ड माझ्या हातात दिलं होतं. सिकलसेलची वाहक. मी ते तांदळात पुरलं आणि तिला म्हटलं, हरवलं म्हणून सांग. आणि मी कोण, तर अंगणवाडी सेविका! माझ्याच भिंतीवर तक्ता आहे, लग्नाआधी तपासणी करा. गावातल्या पोरींना मी तो बोटाने दाखवते.

आपल्या भावाचे, आदेशचे, ते दुखरे पाय आठवतात? चौदा वर्षांचा होता. तू एका पायाला तेल लावायचीस, मी दुसऱ्या. आईबाबा दोघंही वाहक आहेत हे कोणाला माहीत नव्हतं, आणि माहीत झालं तेव्हा तो राहिला नव्हता. तू त्या दुःखातून लॅबमध्ये गेलीस. मी त्याच दुःखातून कार्ड तांदळात लपवलं. मला वाटलं होतं, तू माझ्या पोरीला खराब म्हणते आहेस. तू तर तेच सांगत होतीस जे परवा आचलने कुत्रीबद्दल सांगितलं. तेव्हा माझ्या कानात गेलं नाही. माझं चुकलं. हे वाक्य लिहायला मला तीन कागद लागले.

खारकेचा रिपोर्ट मी तांदळात नाही ठेवला. कॅलेंडरच्या खिळ्याला लावला आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. आकांक्षाचं कार्ड झटकून तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, "आई, तांदूय निवडून घे, कागद कुजला असन." एवढंच बोलली, पण रागाने नाही.

ताई


वडनेर,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. मंजू,

या वेळी पावतीवर 'बरं' आहे. चालेल. माझं पोट 'बरं'वरही भरतं.

स्थळ मिळालं! हिंगणघाटचे सदाशिवराव, कापसाचे जुने व्यापारी. त्यांच्या कुत्र्याचं नाव मुनीम, कारण तो दिवसभर गादीवर बसतो आणि कोणी आलं की मान वर करून पाहतो. आम्ही पाहायला गेलो. मी रिबन बांधली नाही. बसल्या बसल्या रिपोर्ट पुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. डोळ्यांचा दोष झोपलेला आहे, पुऱ्या चोरते, आणि ट्रॅक्टरला घाबरून पलंगाखाली जाते.

सदाशिवराव चष्मा काढून माझ्याकडे पाहातच राहिले. "बाई, एवढं खरं तर मानसाच्या सोयरिकीत बी कोनी सांगत नाई."

"म्हनूनच सांगून राह्यली," मी म्हटलं.

त्यांनी मुनीमचं रक्त पाठवलं. पंधरा दिवस मी देवाला हात जोडत होते आणि आकांक्षा मला चिडवत होती, "आई, तुले कुत्र्याची सासू व्हाची घाई झाली." रिपोर्ट आला. मुनीम साफ! मी अंगणवाडीत पोरांना जास्तीचा शिरा वाढला. कशाबद्दल ते पर्यवेक्षिका विचारत होत्या, मी सांगितलं नाही.

सतरा तारखेला जोडी लागली. आता दोन महिने वाट पाहायची.

ताई


वडनेर,
२० जानेवारी २०२५

मंजू, मंजू, सात!

शनिवारी सकाळी आठला पहिलं आणि बाराच्या आत सातवं. आचल हजर होती, पण तिला काही करावंच लागलं नाही. खारकेने सगळं स्वतः केलं, वर माझ्याकडे अशी पाहत होती की जणू मीच घाबरले आहे आणि तिने मला धीर द्यायचा आहे. घाबरले होतेच. भाऊजी वावरातून धावत आले आणि चपला घालूनच देवघरापर्यंत गेले. चार पिवळी, तीन खारकेसारखी. मी डिंकाचे लाडू केले. डॉक्टर म्हणाली ते कुत्रीला देऊ नका, तर आम्हीच खाल्ले. अर्धं गाव लाडू खाऊन गेलं. भूपेंद्र बादशाहला घेऊन आला होता. बादशाहने एकेक पिल्लू हुंगलं आणि खारकेने त्याला हुंगू दिलं.

पिल्लं दीडेक महिन्यांची झाली की प्रत्येकाची तपासणी होणार. आणि प्रत्येकासोबत एक कार्ड जाईल, मी स्वतः लिहिलेलं. याच्या अंगात काय आहे, काय नाही, आणि जोडी लावायची झाली तर आधी काय पाहायचं. अक्षर मोत्यासारखं काढणार आहे. आजवर दुसऱ्यांची कार्डं लिहिली, लाज न वाटता लिहीन ती ही पहिलीच.

ताई


वडनेर,
९ एप्रिल २०२५

चि. मंजू,

दोन कागद फाडले, हा तिसरा.

मार्चमध्ये आकांक्षा एक दिवस म्हणाली, "आई, माह्या शाळेतला रोशन हाय. त्याच्या घरच्यायले येऊ देऊ काय?" मी हातातली परात ठेवली. म्हटलं, येऊ दे. पोहे करीन, पण रिबन बांधणार नाही.

आले. रोशनची आई सुलोचनाबाई, चांगल्या ठसठशीत बाई आहेत. चहा यायच्या आधी मी उठले आणि आकांक्षाचं कार्ड टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, "माही पोरगी वाहक हाय. तिले काई होत नाई. पण तुमच्या पोराचा रिपोर्ट पाह्यल्याशिवाय मी होकार देनार नाई. सहा वर्षांपूर्वी मी हे कार्ड लपवलं होतं. माह्या बहिनीनं खरं सांगतलं, तर मी तिलेच घराबाहेर काढलं."

माझ्या मनात आलं, झालं, उठतील आता. आकांक्षा दारातच उभी होती, पण या वेळी ती मान खाली घालून नव्हती, सरळ माझ्याकडे पाहत होती. मग रोशनने शर्टाच्या खिशात हात घातला आणि आपलं कार्ड काढून तिच्या कार्डाशेजारी ठेवलं. साफ! त्या दोघांनी महिन्यापूर्वीच एकमेकांना दाखवली होती. सुलोचनाबाई म्हणाल्या, "अवो, आमाले तिनं आधीच सांगतलं. आमी तर पाहून राह्यलो होतो, तुमी सांगता का नाई." आणि पुढे म्हणाल्या, "मले तुमच्या त्या बहिनीले पाहाचं हाय."

मंजू, त्या बाईने माझी परीक्षा घेतली आणि मी पास झाले! या वयात!

रविवारी, तेरा तारखेला, दोघांचं साक्षगंध आहे, साखरपुडाच म्हण. याच अंगणात. मी तुला दारात पाय ठेवू नकोस म्हणाले होते ते चार बायांसमोर, म्हणून बोलवणंही त्याच चार बायांसमोर करणार आहे. सातांपैकी सहा पिल्लं गेली. एक मादी ठेवली आहे, तपासणीत साफ निघालेली. ती तुझी. नाव ठेवलेलं नाही. या पत्राच्या पावतीवर मी सही पाहणार नाही, रविवारी फाटकाकडे पाहीन.

ताई


वडनेर,
२४ एप्रिल २०२५

चि. मंजू,

सोबत एक बंद पाकीट आहे, तुझ्याच नावाचं. माझं नऊ तारखेचं पत्र. 'घर बंद' असा शेरा मारून पोस्टाने काल परत आणून दिलं. फोडून वाच, त्यात तुला साक्षगंधाचं आमंत्रण आहे!

म्हणजे तू माझ्या आमंत्रणाशिवायच आलीस. शनिवारी सकाळीच फाटकात उभी, हातात पिशवी, आणि पहिलं वाक्य काय तर, "रिपोर्ट कुठं हायेत? मले पाहू दे." मी रडायला लागणार होते, तेवढ्यात तू खारकेचे दातही तपासायला घेतलेस. आकांक्षाचा नंबर तू कधीच ब्लॉक केला नव्हतास आणि सहा वर्षं तुम्ही दोघी बोलत होतात, हे मला त्या दिवशी कळलं. लपवण्याची विद्या या घरात कोणाकडून आली ते मी विचारत नाही.

तू आठ दिवस राहिलीस आणि तरी एक गोष्ट तुला सांगायची राहिली. साक्षगंधात हळदकुंकवाचं ताट मी तुझ्या हातात दिलं, त्यात दोन्ही कार्डं ठेवली आणि म्हटलं, पहिलं कुंकू तू लाव. तेव्हा मागे दोघी बाया कुजबुजल्या, लग्न न झालेलीच्या हातात ताट कसं दिलं म्हणून. तू तेव्हा आकांक्षाच्या कपाळाकडे पाहत होतीस, तुला ऐकू गेलं नाही. मी मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या पोरीच्या पोटी उद्या जे धडधाकट लेकरू येईन ते हिच्यामुयं येईन. ताट हिच्याच हातात राहीन." सहा वर्षांपूर्वी त्याच ओट्यावरून मी त्याच आवाजात तुला हाकललं होतं, म्हणून हे सांगावंसं वाटलं.

नंबर उघडलास हे कळलं, काल तुझ्या पिल्लाचा फोटो आला. उशी फाडली ना तिने? आजीवर गेली, म्हणजे माझ्यावर.

हे परत आलेलं पाकीट मात्र जपून ठेव. पोस्टमन तुझ्या कुलपासमोर ते हातात घेऊन उभा असेल, तेव्हा तू माझ्या अंगणात बाजेवर बसली होतीस, मांडीवर पिल्लू होतं, आणि मला सांगत होतीस, "ताई, च्यात साखर कमी हाय."

तुझी
ताई